साका खाली बसला, पुढे काय?

दिवाळीचं तळण आटोपतं तेव्हा कढईतल्या तेलात प्रत्येक पदार्थ आपली खूण ठेवून गेलेला असतो. चकलीच्या भाजणीचा बारीक चुरा, अनारशावरून सुटलेली खसखस, शेवेचे तुटके तुकडे; आणि एखादी करंजी तळताना फुटलीच, तर सारणातली साखर जळून तळाशी डांबरासारखी चिकटलेली. असं लिटर-दीड लिटर तेल ओतून द्यायला जीव होत नाही आणि तसंच पुन्हा तापवायला मन धजत नाही. मग शोधाशोध सुरू होते ती गाळणीची, जुन्या मलमलीची, रिकाम्या बरणीची.

यात नुसता चिक्कूपणा नाही. भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येतं आणि घरखर्चात तेलाचा आकडा ठसठशीत असतो. शिवाय तेल गाळून ठेवणं ही एकट्या आपल्या स्वयंपाकघराची रीत नाही. अमेरिकेतले हौशी कारागीर, जपानी गृहिणी, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी कुटुंबं या सगळ्यांनी हाताशी असेल त्या साधनाने वापरलेलं तेल किंवा चरबी गाळली आहे. कुणी पुन्हा तळण्यासाठी, कुणी गाडीसाठी, कुणी चक्क बॉम्बसाठी. गाळलेलं तेल कुठे जाणार आहे हे आधी ठरवलं, की किती आणि कशातून गाळायचं हे आपोआप ठरतं. घरगुती प्रयोगांत बहुतेक गोंधळ हा प्रश्न न विचारल्यामुळे होतो.

तळताना तेलाचं काय होतं, ते आधी पाहू. १६० ते १८० अंशांच्या तेलात ओला पदार्थ पडला की तीन गोष्टी एकदम सुरू होतात. पदार्थातल्या पाण्याने तेलाचे रेणू तुटतात आणि मोकळी मेदाम्लं तयार होतात. तेल कमी तापमानाला धुरायला लागतं ते यांच्यामुळे. हवेतल्या प्राणवायूने तेल खवट होण्याच्या वाटेला लागतं. आणि काही रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाड, चिकट होतात. झाऱ्याच्या दांड्यावर किंवा कढईच्या काठावर बसणारा तो पिवळट, खरवडूनही न निघणारा थर यांचाच. बिडाचा तवा तेल पाजून तयार करतात तेव्हा हीच क्रिया आपल्या उपयोगी पडते.

अशा बिघडलेल्या घटकांचं एकत्रित मोजमाप म्हणजे ‘टोटल पोलर कंपाउंड्स’, बोलीत टीपीसी. ताज्या तेलात ते काही टक्केच असतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा लागू केली. त्यावर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. फ्रान्स आणि स्पेनमध्येही हाच आकडा आहे, जर्मनीत २४.

हे सगळे घटक तेलात विरघळलेले असतात. चहाच्या गाळणीत चहापत्ती अडते, साखर अडत नाही. तळणीच्या तेलाचंही तेच. कापड कितीही पदरी घ्या, कागद कितीही बारीक घ्या, टीपीसी जसाच्या तसा खाली उतरतो. सूर्यफूल, सोयाबीन, करडई अशा तेलांत लिनोलिक आम्ल भरपूर असतं आणि ती पुन्हापुन्हा तापवली की त्यातून एचएनई नावाचं विषारी अल्डिहाइड तयार होतं, हे अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. तेही गाळणीत सापडणारं नव्हे.

मग गाळायचं तरी कशाला? कारण चुरा स्वतःच तेल बिघडवतो. पुढच्या वेळी तेल तापलं की तो आधी करपतो, रंग काळा करतो, जळका वास देतो आणि त्यातला ओलावा तेलाचे रेणू तोडत राहतो. म्हणजे गाळणं हा चांगलं तेल चांगलं ठेवण्याचा उपाय आहे. बिघडलेल्या तेलावरचा तो उतारा नाही. त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचं साधन घड्याळ ठरतं: आठ दिवस कढईत तसंच राहिलेलं तेल आठव्या दिवशी रेशमातून गाळलं तरी व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं.

त्याच संध्याकाळी गाळायचं, पण कडकडीत गरम असताना नाही आणि पार गार झाल्यावरही नाही. सूर्यफुलाचं तेल २५ अंशांवर जेवढं दाट असतं, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश दाटपणा ६० अंशांवर उरतो. कोमट-गरम तेल कापडातून भराभर उतरतं ते यामुळे. थर्मामीटर नसला तरी अंदाज येतो: कढईला बाहेरून बोट टेकवता येतं, पण टेकवून ठेवता येत नाही, ती वेळ. त्याआधी तासभर कढई हलवायची नाही. साका तळाशी बसला की वरचं नितळ तेल अलगद ओतून घ्यायचं आणि शेवटचं वाटीभर गढूळ तेल निराळं ठेवायचं. ते शेवटचं वाटीभर गाळण्याच्या हट्टापायी कापडाची भोकं बुजतात आणि वरचं चांगलं तेलही अडकून बसतं. तेवढ्या तेलावर पाणी सोडावं.

साधनांत सर्वांत कुचकामी चहाची गाळणी. तिच्या जाळीतून खसखसही निसटते. मैद्याची चाळणी बरी. तिच्यावर दोन-तीन पदरी मलमल किंवा जुन्या धोतराचं कापड टाकलं की भाजणीचा चुरा बहुतेक सगळा अडतो. कापड मात्र ठणठणीत कोरडं हवं आणि कपडे धुण्याच्या सुवासिक द्रवात बुडवलेलं नको. तो सुवास पुढच्या पुरीत उतरतो. दाक्षिणात्य कॉफीचं स्टीलचं फिल्टर काही घरांत याच कामाला लावलं जातं. त्याच्या भोकांवर कापसाचा पातळ थर बसवला तर ते मलमलीपेक्षाही सरस ठरतं. नरसाळ्यात कापसाचा बोळा बसवणं ही त्याहून जुनी, प्रयोगशाळेतली युक्ती. कॉफीचा फिल्टर कागद सगळ्यांत नितळ तेल देतो, पण धीराची परीक्षा बघतो. रात्री लावून ठेवावा आणि सकाळी पाहावं. रद्दीच्या वर्तमानपत्रातून मात्र गाळू नये. छपाईच्या शाईमुळेच वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं एफएसएसएआयने २०१६ मध्ये बजावलं होतं. वडापावच्या गाड्यांवर ते किती पोचलं, हा वेगळा विषय.

कापडाला न जुमानणाऱ्या पिठूळ कणांसाठी पाश्चात्त्य पाकतज्ज्ञांनी रूढ केलेली एक युक्ती आपल्या घरातही सहज जमते. थंड पाण्यात थोडं कॉर्नफ्लोअर कालवायचं, पूर्ण निवलेल्या तेलात ते ओतायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. पीठ शिजून त्याचे गोळे होतात आणि बारीक कण त्यात अडकतात. मग नेहमीसारखं गाळायचं. दिसायला ही जादू आहे. पण तापलेल्या तेलात पाणी गेलं तर काय होतं हे ज्याने एकदा पाहिलंय तो तेल ‘पूर्ण निवलेलं’ आहे ना, याची दोनदा खात्री करेल.

गाळलेलं तेल ठेवायचं ते काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, काठोकाठ भरून, अंधाऱ्या फडताळात. तांबं आणि लोखंड तेलाच्या खवटपणाला वेग देतात, म्हणून कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात किंवा लोखंडी कढईतच ते राहू देऊ नये. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या गरम तेलाने आकसतात. नव्या तेलात जुनं ओतण्याची सवय तर सर्वांत महाग पडते, कारण जुन्यातले बिघडलेले घटक नव्यालाही लवकर बिघडवतात. मासे तळलेल्या तेलाचा वास मलमलीत अडकत नाही, आणि साबुदाणावड्यांसाठी लागणारं उपवासाचं सोवळंही तिच्यातून गाळून मिळत नाही; या दोन्हींसाठी वेगळी बरणी ठेवणाऱ्या आज्या रसायनशास्त्र न शिकताही बरोबर होत्या. एफएसएसएआयचा सल्ला तेच तेल फार तर तीनदा वापरण्याचा आहे. त्याआधीच तेलावरचा फेस ओसरेनासा झाला, नेहमीच्या आचेवर धूर येऊ लागला किंवा तेल मधासारखं जड वाहू लागलं, तर मोजदाद सोडून द्यावी.

इथवर सगळं सरळ आहे. घोटाळा सुरू होतो तो तेल ‘शुद्ध’ करण्याच्या उपायांपासून. बटाट्याच्या फोडी तळून वास घालवणं त्यातलं सर्वांत निरुपद्रवी. फोडीतल्या पाण्याची वाफ वर येताना काही उडून जाणारे वासाचे घटक नेत असणार. तेलाच्या कारखान्यातही वास काढतात तो वाफेनेच, पण निर्वात टाकीत, दोनशेच्या वर तापमानाला. कढईत तेवढं जमत नाही आणि फोडीतलं पाणी तेल तोडायचं काम मात्र करतं. कोळशाची पूड आणि मुलतानी माती ही पुढची पायरी. दोन्हींमागे खरं शास्त्र आहे: तेल शुद्धीकरणात रंग काढायला विशिष्ट प्रकारची माती आणि सक्रिय कोळसा वापरतात. मोठ्या उपाहारगृहांत मॅग्नेशियम सिलिकेटची पूड वापरून मोकळी मेदाम्लंही काही प्रमाणात शोषून घेतात. पण ती अन्नासाठी तयार केलेली पूड असते, मोजून घातली जाते आणि दाबाच्या यंत्रातून संपूर्ण काढली जाते. शेगडीतला कोळसा किंवा चेहऱ्याला लावायची माती म्हणजे ते नव्हे.

शिवाय यात एक मोठा धोका लपलेला आहे. घरात टीपीसी मोजायचं यंत्र नसतं. असतात ते डोळे आणि नाक. कोळशाने रंग आणि वास गेला की तेल सुधारत नाही, फक्त त्याच्याविरुद्धचा पुरावा नाहीसा होतो. चीनमध्ये गटारांतून आणि उपाहारगृहांच्या खरकट्यातून काढलेलं तेल गाळून, रंग काढून पुन्हा विकण्याचा धंदा उघडकीस आला, तेव्हा ग्राहकांना ते ओळखता येत नव्हतं ते याच कारणाने. तेव्हा नियम सोपा ठेवावा: खायच्या तेलातून चुरा काढावा, रंगाला हात लावू नये.

खायचं नसेल, तर मात्र गाळण्याचं सगळं गणित बदलतं. वापरलेल्या तेलावर गाडी चालवणाऱ्यांचा एक मोठा, हौशी आणि थोडा खटपट्या पंथ जगभर आहे. त्यांची वंशावळ थेट रुडॉल्फ डिझेलपर्यंत नेली जाते. जागतिक जैवइंधन दिन १० ऑगस्टला साजरा होतो. त्याची कथा अशी सांगतात, की १८९३ साली त्या दिवशी डिझेलने शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवलं. कथा गोड आहे, पण त्या दिवशी ऑग्सबर्गमध्ये झालेल्या चाचणीत शेंगदाणा नव्हता. शेंगदाणा तेलावरचं प्रात्यक्षिक १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातलं, ओटो कंपनीने दाखवलेलं. डिझेलने स्वतः १९१२ मध्ये ते सांगितलं आहे. त्यात रस होता फ्रेंच सरकारला, कारण आफ्रिकेतल्या त्यांच्या वसाहतींत भुईमूग मुबलक होता.

शंभर वर्षांनी ही कल्पना घरामागच्या शेडमध्ये पोचली. अमेरिकेत जोशुआ टिकेलने १९९७ मध्ये ‘व्हेजी व्हॅन’ नावाची गाडी घेऊन देशभर प्रवास केला आणि तळणीच्या तेलापासून इंधन बनवण्यावर पुस्तक लिहिलं. त्याच सुमारास दोनशे लिटरची पिंपं, जुने वॉटर हीटर आणि फाटक्या जीन्स यांना नवा भाव आला. जीन्सच्या पायाचं एक टोक शिवून टाकलं की लांबलचक पिशवी होते. ती पिंपावर टांगायची, तेल ओतायचं आणि वाट पाहायची. तिच्यातून उतरलेलं तेल मग पाच आणि शेवटी एक मायक्रॉनच्या नमद्याच्या पिशवीतून जातं. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतलं म्हणजे स्वयंपाकघरातली मलमल आणि इंजिनाची गरज यांतलं अंतर कळतं.

यात घाण काढण्यापेक्षा पाणी काढणं अवघड. वडे-भज्यांतून तेलात उतरलेलं पाणी पंप आणि इंजेक्टर गंजवतं. हौशी मंडळी तेल कोमट करून काही दिवस स्थिर ठेवतात आणि तळाच्या तोटीने पाणी सोडून देतात. पाणी उरलंय का हे पाहायला तापलेल्या तव्यावर दोन थेंब टाकायचे. तडतडलं तर अजून थांबायचं. एवढं करूनही तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट राहतं, म्हणून गाडीत दुसरी टाकी बसवून इंजिनाच्या गरम पाण्याने ते तापवावं लागतं. सुरू करताना आणि बंद करताना डिझेल, मधल्या प्रवासात तेल. पामतेल असेल तर थंडीत ते नळीतच थिजतं.

जुनी, सावकाश फिरणारी इंजिनं हे सगळं सहन करतात. म्हणूनच राजकोटच्या कारखान्यांत तयार होणारी, मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारी लिस्टर पद्धतीची शेतीची इंजिनं अमेरिकेतले हौशी लोक तळणीच्या तेलावर जनित्र चालवण्यासाठी मागवत असत. आपल्याकडे विहिरीवर ज्यांचा आवाज ऐकत पिढ्या वाढल्या, त्या इंजिनांना असे चाहते मिळावेत याची गंमत वाटते. आजच्या बीएस-६ गाडीत मात्र हा प्रयोग म्हणजे महागडा आत्मघात: अतिदाबाचे इंजेक्टर चिकटतात, धूर गाळणारी यंत्रणा तुंबते.

ब्रिटनमध्ये गोष्ट कराच्या वाटेने गेली. २००२ मध्ये वेल्समधल्या लानेली भागात सुपरमार्केटमधून स्वयंपाकाचं तेल अचानक जास्त खपू लागलं. इंधनकर चुकवायला लोक ते थेट टाकीत ओतत होते. अधिकाऱ्यांनी गाड्या थांबवून धुराचा वास घ्यायला सुरुवात केली आणि वृत्तपत्रांनी त्या पथकाचं ‘फ्राइंग स्क्वॉड’ असं बारसं केलं. शेवटी २००७ मध्ये सरकारने वर्षाला २,५०० लिटरपर्यंत असं इंधन बनवणाऱ्याला वा वापरणाऱ्याला करातून सूट दिली.

तेलाचं रीतसर बायोडिझेल करायचं, तर मेथेनॉल आणि कॉस्टिक सोडा लागतो. मेथेनॉल विष आहे. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये शंभरावर माणसं मेली ती मेथेनॉल मिसळलेल्या दारूने. महाराष्ट्रात त्याच्या खरेदी-विक्रीवर विषारी पदार्थांच्या नियमांचं बंधन आहे ते उगाच नाही. घरच्या गॅलरीत करायचा हा उद्योग नव्हे.

साबण त्या मानाने घराच्या आवाक्यातला. तेल मलमलीतून गाळलं की पुरतं. मोकळी मेदाम्लं इथे अडचण ठरत नाहीत, तीही साबणात जातात. सूर्यफुलाच्या किलोभर तेलाला साधारण १३५ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, कारण सोडा ते खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडतो. तयार वड्या काही आठवडे मुरू दिल्या की भांडी घासायला आणि फरशी पुसायला चांगल्या. जुन्या चकलीचा वास मात्र त्यांना थोडा येतो.

घरच्या गाळणीला सरकारी प्रतिष्ठा मिळाली ती १९४२ मध्ये अमेरिकेत. चरबीतून ग्लिसरीन निघतं आणि ग्लिसरीनपासून स्फोटकं बनतात, म्हणून गृहिणींनी कढईतली चरबी गाळून पत्र्याच्या डब्यात साठवायची आणि खाटकाकडे नेऊन द्यायची, अशी मोहीम निघाली. डिस्नेने त्यासाठी मिनी माउस आणि प्लूटोचा प्रचारपट काढला. त्या मोहिमेचं यश तेलात नव्हतं, खाटकाच्या दुकानात होतं: प्रत्येक गल्लीत डबा रिकामा करायची एक ठरलेली जागा होती.

आपल्याकडे नेमकी तीच जागा सापडत नाही. एफएसएसएआयने ऑगस्ट २०१८ मध्ये वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवणारा ‘रुको’ उपक्रम सुरू केला. १ मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांना त्याची नोंद ठेवणं आणि ते अधिकृत संस्थेला देणं बंधनकारक झालं. बहुतेक वड्यांच्या गाड्या ५० लिटरच्या आतच राहतात. घरं तर या जाळ्याच्या पूर्ण बाहेर. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये व्हर्जिन अटलांटिकचं विमान लंडनहून न्यूयॉर्कला गेलं ते मुख्यतः टाकाऊ चरबी आणि तेलापासून केलेल्या इंधनावर. २०२५ मध्ये इंडियन ऑइलच्या पानिपत कारखान्यालाही वापरलेल्या तेलापासून विमानाचं इंधन करण्यासाठीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. तेलाला गिऱ्हाईक आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका लिटरला तिथवर नेणारं कुणी नाही. एखाद्या सोसायटीने तळमजल्यावर झाकणाचं पिंप ठेवून महिन्याला ते अधिकृत संकलकाला दिलं, तर हिशेब जमतो. तिथे गाळण्याचीही फारशी गरज नाही. जाडसर चुरा आणि पाणी नसलं म्हणजे झालं.

पिंप नसेल, तर निदान मोरीत ओतू नये. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात चरबी आणि वेट वाइप्सचा २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा खडक सापडला. त्याचा तुकडा पुढे तिथल्या संग्रहालयात मांडला गेला. जपानात यावर एक पूड मिळते. गरम तेलात ती घालून तेल निवू दिलं, की त्याची वडी होते आणि कचऱ्यात टाकता येते. ही पूड एरंडेलापासून बनते आणि जगातलं सर्वाधिक एरंडेल आपल्या शेजारच्या गुजरातेत निघतं, तरी आपल्या किराणा दुकानात ती सहसा दिसत नाही. तोवर लाकडाचा भुसा, जुनी वर्तमानपत्रं किंवा वाळलेला चहाचा चोथा यांत तेल जिरवून ते कोरड्या कचऱ्यापासून वेगळं बांधून द्यावं.

गाळून झाल्यावर उरलेल्या तेलकट फडक्यांबद्दल मात्र कुणी सावध करत नाही. करडई, सोयाबीन, सूर्यफूल यांसारखी तेलं हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतात. असं तेल प्यायलेलं सुती कापड चोळामोळा करून कोपऱ्यात टाकलं तर ती उष्णता आत कोंडते, आणि असे ढीग आपोआप पेटल्याची उदाहरणं धुलाईच्या दुकानांत घडलेली आहेत. फडकं त्याच रात्री धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवावं, नाहीतर पसरून दोरीवर वाळत घालावं.